खुन्नस सर

खुन्नस सरांचं खरं नाव कॉलेजच्या फळ्यावर होतं, पण ते आमच्यापैकी कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. हसतानासुद्धा त्यांचा खालचा ओठ दाताखाली असायचा. नव्वदच्या दशकात ते जुन्नरच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे. निरनिराळ्या समाजांचा अभ्यास कसा करावा, हे ते आम्हांला का शिकवतात, ते त्यांनी पहिल्याच तासाला सांगून टाकलं. "मला एका माणसाचा सूड घ्यायचाय. तुमचा उपयोग होईल."

तो माणूस म्हणजे पुण्यातले एक नामांकित प्राध्यापक. सर स्वतः शिकत होते तेव्हा वाटाड्या होऊन या प्राध्यापकांना अभ्यासासाठी तळेघरच्या बाजूला आपल्या घरी घेऊन गेले होते. सरांच्या आईनं पाहुण्याचं पान वाढलं. तेवढ्यात मागच्या दारी निरोप आला, थोरली लेक बाळंतपणात गेली. आईनं तोंडावरून पदर फिरवला, आत आली आणि म्हणाली, "पावणं, भात घ्या अजून." भरल्या ताटापाशी रडायचं नाही, पाहुण्याला उपाशी उठवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. निरोप काय होता ते प्राध्यापकांनी सरांना विचारून घेतलं, आणि भातही घेतला. त्यांची जीप ओढ्यापलीकडे गेली तेव्हा कुठे आईनं हंबरडा फोडला. तो ऐकायला प्राध्यापक नव्हते.

पुढे त्यांच्या पुस्तकात छापून आलं, की मुलीच्या मृत्यूची वार्ता ऐकूनही माता शांतपणे वाढत राहिली, या लोकांत शोक उथळ असतो. खाली गावाचं नाव, आईचं नाव. आईला वाचता येत नव्हतं आणि सरांनी तिला कधी सांगितलं नाही. ती मात्र मरेपर्यंत विचारायची, "त्ये पावणं परत आलं न्हाई का रं? लई पोटभर जेवलं व्हतं." हे सांगताना सर खिडकीकडे तोंड करायचे. मला त्या प्राध्यापकांची चीड तेव्हापासून आहे.

सरांकडे एक लोखंडी कपाट होतं. पुण्याच्या रद्दीवाल्यांकडून शोधून आणलेल्या पुस्तकांनी ते भरलेलं होतं. कुठल्या देशात माणूस गेल्यावर कोण रडतं, कुणासमोर रडतं, कुणासमोर रडत नाही, सगळं त्यात. डिक्शनरी घेऊन रडतखडत इंग्रजी शिकले ते त्यासाठीच. कपाटाची किल्ली जानव्यासारखी गळ्यात असायची. कुणी पुस्तकाचं पान दुमडलं की महिनाभर त्याच्याशी बोलायचे नाहीत.

शिकवायची तऱ्हाही तशीच. मला त्यांनी ओझरला देवळाबाहेर हार विकणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. मी येऊन ऐटीत म्हटलं, "बाई फार समाधानी आहेत, सर." झालं, सर पेटले. रागावले की त्यांची पुस्तकी भाषा पार गळून पडायची. "तिनं तुला च्या पाजला म्हंजी ती समाधानी? तू काय बघितलं ते नगं सांगू, तुला काय दाखवलं ते सांग. जा परत, आन् पावणी होऊन बसू नगं, तिच्यासंगं हार ओव." मी जात राहिले. शेवटी एकदा बाईंनी चिडून मला शिव्या घातल्या. सरांना ते सांगितलं, तर त्यांनी खूश होऊन मला भेळ खिलवली.

प्राध्यापकांची पत्नी वारली तेव्हा मी स्वतः शिकवायला लागले होते. सर मला घेऊन पुण्याला भेटायला गेले. प्राध्यापकांनी चहा केला, बिस्किटं पुढे केली, "घ्या ना" म्हणाले, कोण कोण येऊन गेलं ते सांगितलं. सरांनी निवांत दोन बिस्किटं खाल्ली. मग एका छोट्या नियतकालिकात त्यांनी लेख लिहिला. पत्नीच्या मृत्यूनंतरही पती शांतपणे बिस्किटं वाढत राहिला, या लोकांत शोक उथळ असतो. खाली सोसायटीचं नाव, प्राध्यापकांचं नाव. क्रूरपणा होता हा. मला विचाराल तर लेख वाचून मी जिलबी आणली.

प्राध्यापक तो अंक घेऊन जुन्नरला आले. "तुम्ही समोर होतात म्हणून मी आवरलं! घरी आलेल्या माणसापुढे रडतं का कुणी?"

सर खुर्चीतून उठले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा ओठ दाताखाली नव्हता. "हेच लिहा. माज्या आईच्या नावाम्होरं."

लिहितो, म्हणाले प्राध्यापक. नवी आवृत्ती निघेपर्यंत सर राहिले नाहीत. कपाट माझ्याकडे आलं, त्यात मी नवी आवृत्तीही आणून ठेवली. तो परिच्छेद त्यात नाही. चूक कबूल केलेली नाही, दुरुस्त केलेली नाही. आईच काढून टाकली आहे, गावासकट.

मी आता संशोधनाला निघालेल्या मुलांना शिकवते. पहिल्या दिवशी जुनी आवृत्ती उघडते, तो परिच्छेद लेखकाच्या नावासकट मोठ्यानं वाचते, आणि मग जीप गेल्यावर काय झालं ते सांगते. प्राध्यापक हयात आहेत. दर वर्षी मी त्यांना त्या तासाचं रीतसर निमंत्रण धाडते. अजून आले नाहीत. आले तर आधी जेवायला वाढीन.