सपनाच्या गालाची तहान

सपना महिन्यातून एकदा माझ्याकडे येते. एका खांद्यावर काळी बॅग, दुसऱ्या हातात घडीचं स्टूल. बोरिवली पूर्वेला आमच्या आणि आसपासच्या सोसायट्यांत ती घरोघरी जाऊन पार्लरचं काम करते. तिचे आईवडील अकोल्याकडून दिंडोशीला आले आणि तिथेच स्थिरावले. नवरा प्रबुद्ध एका गोदामात सुपरवायझर आहे. सपनाने रीतसर कोर्स केला आहे, आणि हातात भुवया कोरायचा धागा असला की तिचं तोंडही तितक्याच वेगानं चालतं.

आमची ओळख माझ्या पायांमुळे झाली. यजमान गेल्यानंतरच्या हिवाळ्यात माझ्या नडग्या इतक्या कोरड्या पडल्या की नखाने पांढरी रेघ उमटायची. मी कढत पाण्याने आंघोळ करायची, खसखसून साबण लावायची आणि पुन्हा पाय खाजतात म्हणून कुरकुरायची. सपनाने एखाद्या डॉक्टरच्या थाटात प्रश्न विचारले. त्वचा लहानपणापासून अशीच का? कोपर, टाचा, पाठ, सगळीकडेच का? पावसाळ्यातही फारसा फरक नाही? सगळ्याला मी हो म्हटलं.

"आजी, तुमच्या कातडीत तेल कमी बनतं," ती म्हणाली. "ही खरी कोरडी त्वचा. हिला वरून तेलकट काहीतरी द्यायलाच हवं."

मग तिने मला शिस्त लावली. पाणी कोमट, साबण सौम्य, आणि अंग टिपून ते ओलसर असतानाच दाट क्रीम. पुढच्या खेपेला माझे पाय बघून ती इतकी खूश झाली की त्यांचा फोटो काढून तिने प्रबुद्धला पाठवला. म्हाताऱ्या बाईच्या नडग्या पाहून त्या बिचाऱ्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

सपनाला नवरी सजवायची होती. भुवया, फेशियल ही रोजची कामं, पण एक नवरी नीट सजली की तिच्या मावश्या, मैत्रिणी, जावा सगळ्या पुढचं बोलावणं देतात, असं तिचं गणित. अखेर आमच्या खालच्या मजल्यावरच्या माधुरीने तिला मुलीच्या, अबोलीच्या लग्नासाठी मेकअपच्या ट्रायलला बोलावलं. आणि नेमका तेव्हाच सपनाचा स्वतःचा चेहरा बिघडला. गालांचे पापुद्रे निघत होते, कपाळ तेलानं चकाकत होतं आणि हनुवटीवर पुळ्या आल्या होत्या.

माधुरी मला लिफ्टमध्ये भेटली. तिच्या बोलण्यात आडपडदा नसतो. "काकू, तिच्या स्वतःच्याच चेहऱ्याची वाट लागलीय. माझ्या पोरीला कसं बसवू तिच्यासमोर?" ट्रायल होऊ दे, मग ठरवू, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं.

ट्रायलच्या आधी सपना माझ्याकडे आली ती ओढणी गालावर ओढूनच. सांगू लागली, गाल सोलायला लागले म्हणून तुमचंच दाट क्रीम लावतेय, वर रात्री खोबरेल, तरी ताण जात नाही. मी तिला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं, चष्मा चढवला आणि तिचेच प्रश्न तिला विचारायला सुरुवात केली. लहानपणापासून असं आहे का? नाही. हातपाय, टाचा? त्या मऊ आहेत. दुपारी नाकाला तेल येतं? येतं. मग मी तिचा गाल हलकेच चिमटीत धरला. कागद चुरगळल्यावर पडतात तशा बारीक रेघा उमटल्या. मी तिला आरसा दिला.

तिने आरशात पाहिलं आणि ती हसायलाच लागली. "अरे देवा, ही कोरडी नाहीच. ही तहानलेली आहे. तेल भरपूर आहे, पाणी नाही. आणि मी येडी त्यावर आणखी तेल थापतेय."

"दिवसभरात पाणी किती पितेस?" मी विचारलं.

तिचं हसू थांबलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी दर वेळी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवते आणि दर वेळी तो भरलेलाच परत आत नेते.

"पाणी प्यायलं की बाथरूम विचारावं लागतं, आजी," ती हळूच म्हणाली. "एका घरी म्हणाले, खाली वॉचमनकडे जा. तेव्हापासून सकाळी निघते ती घरी जाऊनच पिते."

मला माझी कॉन्व्हेंटची शाळा आठवली. सगळ्या वर्गासमोर हात वर करून सिस्टरची परवानगी मागायची लाज वाटे, म्हणून आम्ही मुली डब्याबरोबर पाण्याचा थेंबही घेत नसू. मी उठले, बाथरूमचं दार उघडून दिवा लावला आणि सांगितलं की या घरात विचारायचं नाही, सरळ जायचं. मग तिच्यापुढे पेला धरला. तिने तो एका दमात संपवला.

बाकीचं तिला ठाऊकच होतं. खोबरेल आणि दाट क्रीम बंद. दिवसातून तीनदा चालणारा फेसाचा फेसवॉश बंद, गाल घासणं बंद. ओलसर चेहऱ्यावर ग्लिसरीनचं पातळ जेल, आणि ते पाणी उडू नये म्हणून वर हलकं मॉइश्चरायझर. नुसतं पाणी पिऊन भागत नाही, हेही तिनेच मला बजावलं. बाटली मात्र तिच्या बॅगेत आली.

तीन आठवड्यांनी, ट्रायलच्या दिवशी, मी माधुरीकडे मुद्दाम जाऊन बसले. सपना आली, तिने स्टूल उघडलं आणि बॅगेला हात लावण्याआधी म्हणाली, "काकू, मी बाथरूमला जाऊन येते."

"ते काय, उजवीकडे," माधुरी म्हणाली. "गीझरच्या बटणाला हात लावू नकोस गं, शॉक मारतं."

एवढंच. इतकी वर्षं जे जड वाटत होतं ते एवढंच होतं, असं परत येताना सपनाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

अबोली दिवसभर एसीच्या ऑफिसात बसणारी. तिचे गाल ताणलेले, कपाळ तेलकट, आणि आई रोज कौतुकाने साय आणि बदामाचं तेल चोळत होती. सपनाने तिला प्रश्न विचारले, गाल चिमटीत धरून पाहिला आणि माधुरीकडे वळली.

"काकू, साय हिला खाऊ द्या. चेहऱ्याला नको. माझंही असंच झालं होतं. आता बघा."

आणि ओढणी मागे टाकून तिने आपला गाल खिडकीच्या उजेडात धरला. माधुरीने आधी डोळे बारीक केले, मग चष्मा आणला, मग बोटाने गाल चाचपून पाहिला. अबोलीला हसू आवरेना.

"बरं," माधुरी म्हणाली. "नवरी तूच सजव. आणि नवरीच्या आईचं पण बघ काहीतरी."

सपनाने मान डोलावली आणि आपल्या बाटलीकडे हात नेला. तोवर माधुरी स्वयंपाकघरातून तांब्या-पेला घेऊन आली होती.