तेल सुटेपर्यंत

अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रतळाचा चिखल माझ्यापर्यंत आला तो बोटीने आणलेल्या एका लांब नळीतून. त्याच्या थरांची वयं काढणं हे माझं काम. वय मोजायला सोयीचे शिंपले तिथे सहसा टिकत नाहीत, आणि हिमनद्या खडकांतला जुना कार्बन आणून चिखलात मिसळतात. सगळा चिखल एकत्र मोजला तर वय फुगतं. म्हणून त्यातून समुद्री शेवाळाचं एकच स्निग्धाम्ल, म्हणजे तेलाचा एक घटक, वेगळं करायचं आणि फक्त त्यातला किरणोत्सारी कार्बन मोजायला पाठवायचा. कित्येक महिने खपून मी एका थरातून जेमतेम डोळ्याला दिसेल इतकं ते काढलं. त्या थरावर माझा प्रबंध अडला होता.

निकाल आला तेव्हा मी सुट्टीला सांगोल्यात होते. आई उखळात शेंगदाण्याची चटणी कुटत होती. मोबाइलवर मेल उघडला. खालचा म्हणून जुना असायला हवा तो माझा थर वरच्यापेक्षा नवा निघाला होता. माझ्या मार्गदर्शक सरांनी एकच ओळ लिहिली होती : 'कुठून तरी ताजं तेल लागलेलं दिसतंय.'

शेंगदाण्याच्या तेलातही तेच आम्ल असतं. मोजणाऱ्या यंत्राला दोन्ही सारखीच.

आईच्या चटणीचा डबा मी प्रयोगशाळेबाहेर खायचे, हात धुवायचे, मग हातमोजे घालायचे. पण खोक्यातून मोजे उपसताना बोटांना काही राहिलं असेल का? चटणी सरांनाही आवडायची. मागचा डबा त्यांनीच पुसून खाल्ला होता. म्हणजे कुणाची बोटं, हेही कळणार नव्हतं.

"आलं का गं वय?" आईने विचारलं. डाळिंबाच्या बागांत राबून तिने मला शिकवलं. मी चिखलाचं वय काढते, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

"आलं. पण चुकीचं."

"मग दुसरा चिखल घे की."

"त्या थरातला संपला. नळीत तेवढाच हुता."

"बोट परत जात न्हाय व्हय तितं?"

"माझ्यासाठी न्हाय जात, आई."

"तुज्या सायबाला म्हनावं, मला न्या. घमेलं भरून आनते."

मी हसले. चटणीच्या तेलाचं तिला सांगितलं नाही.

"सुटलं बग तेल," ती म्हणाली. तिने माझा डबा दाबून भरला. डब्याला बाहेरून तेल लागलं होतं. ते ती पदराने पुसू लागली.

"राहू दे गं," मी म्हणाले.

"तेल हाय की. हात धुतलं की जातंय."

"व्हय," मी म्हणाले आणि डबा पिशवीत ठेवला.