लॉफ्टमधली खार

मुलाला पुण्याहून आणायचं म्हणूनच आम्ही इंग्लंडमध्ये, ब्रॅकनेलला ते घर भाड्याने घेतलं. तो दहा महिन्यांचा असताना त्याला माझ्या आईकडे ठेवून मी नवऱ्यामागोमाग इथे नोकरीला आले होते. "सहाच महिने," असं सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं. त्या सहा महिन्यांचं दीड वर्ष झालं. आता बॉक्स रूममध्ये, म्हणजे घरातल्या सगळ्यात लहान खोलीत, त्याची कॉट लावली, पडदे शिवले, आणि पहिल्याच आठवड्यात कॉटच्या बरोबर वर, छपराखालच्या लॉफ्टमध्ये, खुडबुड ऐकू यायला लागली.

नवरा टॉर्च घेऊन वर चढला. "स्क्विरल आहे. वायरिंग कुरतडलंय," तो खाली येत म्हणाला. "हे फिक्स होईपर्यंत त्याला या रूममध्ये झोपवायचं नाही हं."

घर देणारा एजंट म्हणाला, माणूस पाठवतो, पण तीन आठवडे लागतील. माझं पुण्याचं तिकीट बारा दिवसांवर होतं. माझं डोकंच फिरलं. एका खारीसाठी तीन आठवडे! आमच्या घरी असली कामं आई एकटी करायची. उंदीर मारायचा नाही, हा तिचा नियम. पिंजऱ्यात भजं अडकवायचं, सकाळी सापडलेला उंदीर पिंजऱ्यासकट पिशवीत घालायचा आणि कालव्यापलीकडे नेऊन सोडायचा. मी तिचं बोट धरून जायचे. तेच इथे करायचं ठरवलं.

ऑफिसातल्या एकाने पिंजरा दिला. शेंगदाणे ठेवले. दुसऱ्याच दिवशी खार अडकली. करडी, जाडजूड, पाठीवर एकही पट्टा नाही. "रामाचा हात हिच्यापर्यंत पोचला नाही वाटतं," असा विनोदही मी केला. गाडीने सहा मैलांवरच्या जंगलात नेऊन तिला सोडलं. ती झाडांकडे गेली नाही. आम्ही आलो होतो त्या रस्त्याकडे पळत सुटली. घाबरली असेल, असं मी म्हटलं. घरी आल्यावर नवऱ्याने ती शिरायची ते छपराचं भोक जाळीने बुजवलं आणि मी शिरा केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॉफ्टमधून बारीक चिरकण्याचा आवाज यायला लागला. छपराच्या पार कोपऱ्यात, जिथे हात पोचत नव्हता, तिथे पिल्लं होती. आम्ही पुन्हा त्याच जंगलात गेलो, पिंजरा आणि शेंगदाणे घेऊन. कोणती आपली खार, हे कसं ओळखायचं? संध्याकाळपर्यंत मी वेड्यासारखी प्रत्येक झाडाखाली उभी राहिले.

एजंटवर आरडाओरडा केल्यावर तिसऱ्या दिवशी त्याचा माणूस आला. स्वभावाने भला होता. "स्प्रिंग सीझनमध्ये आधी बेबीज आहेत का बघायचं, लव्ह," तो म्हणाला. पिल्लं मोठी होऊन आपणहून बाहेर पडेपर्यंत थांबायचं, आणि मग भोकाला एकाच बाजूने उघडणारं झाकण लावायचं. पकडलेली खार अशी कुठेही सोडणं कायद्यात बसत नाही, हेही त्याने हळूच सांगितलं. पिल्लं तीन निघाली. दोन गार पडली होती. तिसरं तो खोक्यात घालून घेऊन गेला. त्याचं काय करणार, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

मी आईला फोन लावला आणि रडत रडत सगळं सांगितलं.

"अगं, पण आपण आधी डब्यांमागे बघायचो ना? पिल्लं असली तर पिंजरा लावायचाच नाही," ती म्हणाली.

खरंच की. फडताळातला एकेक डबा ती खाली काढायची. मला तेवढंच नेमकं आठवलं नव्हतं. कालव्यापर्यंतची सहल मात्र लख्ख आठवत होती.

"मग आता घर तयार झालं?" तिने विचारलं.

"हो."

एवढ्यात मागे माझा मुलगा रडायला लागला. "आले रे राजा, आले," म्हणत तिने रिसीव्हर बाजूला ठेवला. तो लगेच गप्प झाला. तिच्या कडेवर गेला असणार. माझा आवाज तर तो फोनवरसुद्धा ओळखत नव्हता.

ती परत आली. "ठरल्या दिवशीच ये," ती म्हणाली. "उगीच दिवस वाढवू नकोस. मग माझ्याच्याने त्याला सोडवणार नाही."

मी 'येते' म्हटलं. पुन्हा तेच करायला निघाले होते, आणि या वेळी मला ते आधीपासून माहीत होतं.