आप्पांचा न लिहिलेला विरोध

फोन आला तेव्हा मी वडवणीच्या स्टँडवर परळीच्या एसटीची वाट पाहत होतो. "काका, आप्पा गेले सकाळी," त्यांची सून म्हणाली. मला दुःख झालं असं म्हटलं तर खोटं होईल. आधी राग आला. त्यांच्याशी एक गोष्ट बोलायची होती, आणि ती मी सात वर्षं पुढं ढकलत आलो होतो...

महालिंग आप्पांनी सिरसाळ्याजवळच्या आमच्या गावात आयुष्यभर भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर ते गावच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेचे संचालक झाले. मी तिचा सचिव. प्रश्न कुठलाही असो, आप्पांचं उत्तर पृथ्वीच्या गाभ्यापासून सुरू व्हायचं. तापलेला गाभा, त्याभोवती जाड प्रावरण, त्यावर सरकणारे कवचाचे तुकडे. आपला तुकडा दक्षिणेतून निघाला, वाटेत त्याला भेगा पडल्या, लाव्हा वर आला, थरावर थर साचले आणि आपल्या पायाखालचा काळा खडक झाला. तोच तुकडा पुढं आशियाला धडकला, हिमालय उचलला गेला, अजून उचलला जातोय. इथवर येईस्तोवर निम्मी सभा बिड्या ओढायला बाहेर गेलेली असायची. "मास्तर, गाव सरकतंय म्हणता, मग पाणी कावून सरकंना इकडं?" असं कुणीतरी ओरडायचं आणि हशा व्हायचा. मी वैतागून म्हणायचो, "आप्पा, खालून कावून सुरू करता? वरचं सांगा ना."

"वरचं समदं खालनंच आलंय बे, दत्ता."

मग तो दुष्काळ आला. संस्थेच्या विहिरीत दोन हात पाणी उरलं आणि चेअरमननी तिच्या काठालाच खोल बोअर घ्यायचं ठरवलं. त्या सभेत मात्र आप्पा थोडक्यात बोलले. "दोन लाव्ह्यांच्या मधी तांबडा मातकट थर हाय. विहिरीचं पाणी त्यानं धरून ठेवलंय. त्याला भोक पाडलं तर हाय तेवढं बी खाली जाईल. माझा विरोध लिहून घ्या."

चेअरमननी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, आणि सभा संपल्यावर इतिवृत्तात लिहिलं: चर्चेअंती एकमताने मंजूर. हात जरासुद्धा अडखळला नाही. टंचाईत कशाला वाद, एवढंच मनात आलं.

बोअरला पाणी लागलं. गुलाल उधळला, पेढे वाटले. तीन आठवड्यांत विहिरीचा तळ उघडा पडला, आणि पुढं बोअरही नुसती हवा टाकू लागला. टँकरपाशी घागर घेऊन उभ्या असलेल्या एका बाईनं आप्पांना सगळ्यांदेखत विचारलं, "मास्तर, ठराव एकमतानं झाला म्हणत्यात. आमी अडाणी. तुमी तर शिकलेले, तुमी बी हो म्हणलात?"

ते तिथून थेट कार्यालयात आले. इतिवृत्ताची वही मागितली, उभ्यानं वाचली. "एकमतानं..." एवढंच म्हणाले. चष्मा खिशात घातला आणि गेले. पुन्हा सभेला आले नाहीत. त्यांनी शिवी दिली असती, तक्रार केली असती, तर मी तिथल्या तिथं चूक सुधारली असती, असं मी स्वतःला सांगत राहिलो. हळूहळू मला त्यांच्या गप्प बसण्याचाच संताप येऊ लागला, जणू चूक त्यांचीच होती.

त्यांना लिंगायत रीतीनं समाधी द्यायला खड्डा खणताना कंबरभर खोलीवर कठीण मुरूम लागला. पहारी उडू लागल्या, खणणारे चिडले. मी बाजूला उभा होतो. हा थर कसा झाला ते तिथं कुणालाच सांगता येत नव्हतं.

गेल्या महिन्यात वार्षिक सभेत मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं: आप्पांचा विरोध होता, मी तो लिहिला नाही. सभा ओरडेल असं वाटलं होतं. नवे चेअरमन म्हणाले, "जाऊ द्या हो दत्ताभाऊ, आता माणूसच न्हाई. पुढचा विषय घ्या." सभेनं पुढचा विषय घेतला.

तसाच आप्पांच्या घरी गेलो. वहिनींनी, आप्पांच्या पत्नीनं, त्यांच्या खोलीचं दार उघडलं. खाटेच्या वर भिंतीला रंगीत पेन्सिलींनी काढलेलं मोठं चित्र टांगलेलं होतं: विहीर, बोअर आणि दोहोंच्या भोवतीचे सगळे थर. तांबड्या थराशी बाण काढून अक्षरं होती, 'इथून वर बोअर सिमेंटनं बुजवावा. विहीर पुन्हा पाणी धरेल.'

"भाऊजी, हे तुमालाच दाखवायचं म्हणायचे," वहिनी म्हणाल्या. "मी म्हणायचे, मग न्या की हापिसात. तर म्हणायचे, दत्ता येईल घरी, तवा निवांत समजावून सांगतो."

"रागावले नव्हते?"

"रागावले होते की. लई. पन वाट बी बघायचे."

चित्र घेऊन जा म्हणाल्या. माझ्यानं ते खिळ्यावरून काढवलं नाही. बोअर बुजवायचा अर्ज मी संस्थेत दिलाय, तो पडून आहे. दर सोमवारी त्या खोलीत जाऊन बसतो. थर नीट दिसतात. तांबडा थर विहिरीच्या पूर्वेला एकदम खाली का उतरलाय, ते मात्र कळत नाही... आणि विचारायचं कुणाला?