सव्वापाच फूट उंचीचं दार

या सदरात लिहिणारे बहुतेक जण सुरुवातीला 'माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता' म्हणतात आणि शेवटी दंडाला ताईत बांधून मोकळे होतात. माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. ताईतही नाही. झालं ते सांगतो.

१९५८ चा वैशाख. मी यवतमाळ जिल्ह्यात मोजणीदार होतो. घाटंजीपासून सात-आठ मैलांवरच्या एका बंजारा तांड्याला नवं गावठाण मिळणार होतं. आम्हाला हुकूम होता — ज्याचं जुनं घर जिथं होतं, ती जागा त्याची; बाकी सरकारी. नाल्याकाठच्या एका तुकड्यावर सोनकी नावाची विधवा हक्क सांगत होती. तिथं तिच्या सासऱ्याचं घर होतं म्हणे. साथीत तांडा हलला, घर पडलं, मातीत गेलं. तेव्हापासून ती दिराच्या गोठ्यात राहत होती. आमच्या साहेबांना मात्र नेमका तोच तुकडा हवा होता — वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यांच्या स्वागताचा चबुतरा बांधायला.

"तिथं घर नव्हतंच, असा पंचनामा आणा," साहेब म्हणाले.

मी दोन मजूर लावून हातभर माती काढली. दगडी जोतं निघालं. चुलीची भाजलेली लाल माती, जात्याची खालची तळी, चार कवड्या. पूर्वेला जोत्यात दाराएवढी मोकळी जागा आणि तिच्यात उंबरठ्याचा दगड. वर भिंत नाही, छप्पर नाही... निव्वळ आभाळ.

सोनकी पाहायला आली. माझ्याएवढी उंच, ताठ कण्याची म्हातारी. पण उंबरठ्याशी आली की वाकायची, आत गेली की पुन्हा ताठ. मजूरही वाकत — तिचं पाहून असेल.

"याडी, कोणापुढे वाकता?" मी विचारलं. तांड्यात आईला याडी म्हणतात.

"दार लहान हाय, बाबू."

"दार कुठं आहे?"

"तुले दिसत नाही तं नको पाहू. वाक फक्त."

मी वाकणारा नव्हतो. भर दुपारी, ताठ मानेनं उंबरठा ओलांडला... आणि कपाळावर टणकन बसलं. अगदी लाकडी चौकटीवर आपटावं तसं. मी मागे बदकन बसलो. मजूर हसले नाहीत, याचाच जास्त राग आला.

सोनकी मात्र हसली. "आता काहून कपाळ चोळून राह्यला? सांगतलं होतं ना!"

मोजणीची काठी उभी धरून त्या जागेतून नेली. बिनदिक्कत आत गेली. काठीला कपाळ नसतं. हात फिरवला — हवा. मग पुन्हा चालत गेलो, पुन्हा तिथंच लागलं. तिसऱ्या वेळी रक्त आलं, पण वाकलो नाही. शेवटी मजुराला टाचेपासून टेंगळापर्यंत फीत धरायला लावली आणि पंचनाम्यात लिहिलं — 'घराचे जोते, चूल, जाते. दार पूर्वेस, उंची सव्वापाच फूट.'

दुसऱ्या दिवशी साहेब जीपनं आले. वाचून भडकले. "भिंत नाही आणि दाराची उंची? कशानं मोजली?"

"कपाळानं, साहेब."

"ऊन लागलंय तुम्हाला! दगड काय, कुठंही निघतात." असं म्हणत ते तरातरा आत निघाले. साहेब बुटके, पण डोक्यावर उंच सोला हॅट. उंबरठ्यावर ती उडून मागे पडली. वारा नव्हता; पळसाचं पान हलत नव्हतं.

"हॅट उचला अन् वाकून या, सायेब," सोनकी आतून म्हणाली. "माह्या घरी कोणी ताठ येत नाही."

साहेबांनी हॅट उचलून काखेत धरली. बिनहॅटचे ते तिथून सहज गेले असते. तरी वाकले. वरच्या साहेबांखेरीज कुणापुढे त्यांना वाकताना मी पाहिलं नव्हतं. चुलीपाशी क्षणभर उभे राहिले, बाहेर येताना पुन्हा वाकले आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

मग भानावर आल्यासारखे म्हणाले, "ती दाराची ओळ तेवढी खोडा."

"सही झाल्यावर खाडाखोड चालत नाही, साहेब."

जागा सोनकीच्या नावावर लागली. ऊन, भोवळ, मनाचे खेळ... सगळी कारणं मी स्वतःच तपासली. एकही त्या टेंगळाच्या उंचीला पुरत नाही. खरं कारण मला आजही ठाऊक नाही. पण तिथं भूत होतं असं कुणी लिहून मागितलं, तर मी देणार नाही. घर होतं — एवढंच लिहून दिलंय.