घट्ट कणीक

समोरच्या फ्लॅटमधला चिनी म्हातारा दारात उभा होता आणि त्याचे दोन्ही हात पेटले होते. मी बादलीतली ओली चादर आणून त्याच्या हातांवर टाकली. आत गॅस चालूच होता. तो बंद करायला गेले, तर शेगडीवर मोठे पातेले, त्याला नळी आणि सगळीकडे आंबलेल्या भाताचा वास. मेला घरात दारू गाळत होता! आणि झाकणाभोवती लिंपलेली कणीक माझी होती.

मी सिंगापूरला, सेंगकांगमध्ये मुलाकडे राहते. दर रविवारी हा माणूस आमच्या दाराशी ओंजळ धरून उभा राहायचा. मी दिलेला कणकेचा गोळा अंगठ्याने दाबायचा, "गुड, आंटी, सॉफ्ट लाह," म्हणायचा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायचा. मला वाटे, पाव करत असेल. नाव मी कधी विचारले नाही.

त्या रविवारी मी पुऱ्यांसाठी घट्ट मळली होती. त्याने दाबून पाहिली, तोंड वाकडे केले, तरी नेली. ती तडकली, दारूची वाफ बाहेर आली आणि पेटली.

अँब्युलन्समध्ये चढवताना तो म्हणाला, "टुडे हार्ड, आंटी." रागाने नव्हे, नुसते सांगितले.

म्हातारा वाचला. त्याच्या मरणाच्या पापातून मीही वाचले.