आधीचं मत कॅन्सल

लोक शेजारी जातात ते उसनी साखर परत करायला. रामटेकेकाका आपलं मत परत घ्यायला जात. तेही भल्या सकाळी, दूधवाल्याच्याही आधी.

सांगलीहून नोकरीसाठी इंदूरला येऊन आम्ही सुदामा नगरात राहू लागलो, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी समोरच्या घरातून ते आले. वीज खात्यातून निवृत्त झालेले, आजोबा महूच्या पलटणीत होते, त्यामुळे आवाज खानदानी फौजी. "सांगली म्हणजे पंचगंगेच्या काठची," त्यांनी ठणकावून सांगितलं. पहिलीच ओळख, म्हणून मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. "भिया, काल मी तुमच्या गावात गलत नदी सोडली. ती वापस घ्यायला आलोय. तिथे कृष्णा आहे." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "पण सांगलीचे असून तुम्ही हो कायको म्हणालात?"

चुकलो म्हणताना त्यांना इतका आनंद व्हायचा की समोरच्याला जिंकल्याचं सुखच मिळत नसे. त्यात वेळेचं भान नाही. कूलर कोणत्या खिडकीत बसवायचा यावरून माझी आणि बायकोची जुंपली, तेव्हा काकांनी माझी बाजू घेतली. कूलर बसला, भांडण मिटलं, आम्ही विसरूनही गेलो. आणि ऐन थंडीत काका हजर! "वहिनी, खूप विचार केला. कूलरचं तुमचंच बरोबर होतं." त्या संक्रांतीला आमच्या घरी तिळगूळ वाटला गेला, पण गोड कोणी बोललं नाही.

असा हा माणूस एका बाबतीत मात्र दगड होता. त्यांच्या मुलीने, प्रज्ञाने, त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं. जावई आकाश इंजिनिअर, पण नोकरी सोडून इंदूरजवळच्या सिमरोल गावात बकऱ्या पाळायचा. काका लग्नाला गेले नाहीत आणि तेव्हापासून प्रज्ञा माहेरी आली नव्हती. काकू स्वयंपाकघरातून तिच्याशी फोनवर बोलत, तेव्हा काका बाहेर टीव्हीचा आवाज वाढवून बसत. अख्ख्या कॉलनीला त्यांनी सांगून ठेवलं होतं, "पोरगा काही कामाचा नाही. इंजिनिअर होऊन बकऱ्या हाकतो!"

एकदा काका आमच्याकडे चहा घेत असताना माझ्या बायकोने सहज विचारलं, "काका, बोलायला कसा आहे हो जावई?"

"मला काय माहीत? मी कुठे बोललोय त्याच्याशी?"

एवढं म्हणून काका थांबले. अर्धा कप तसाच ठेवून उठले आणि माझ्या चपला घालून घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची फेरी सुरू झाली. जिथे जिथे जावयाला नावं ठेवली होती, तिथे तिथे ते गेले: न्हावी, बागेतली म्हातारी मंडळी, अन्नपूर्णेच्या देवळाजवळचा पोहेवाला.

"मतलब लड़का अच्छा निकला, काकाजी?" पोहेवाल्याने विचारलं.

"वो भी नहीं पता, भिया. बस, पहलेवाला कैंसल."

ज्यांनी मूळ निंदा ऐकलीच नव्हती, त्यांनाही ती या निमित्ताने रीतसर समजली.

शेवटी काकू म्हणाल्या, "साऱ्या दुनियेला सांगून झालं. आता जिला सांगायचं तिला सांगा ना."

काकांचा फौजी आवाज मी पहिल्यांदाच इतका बारीक झालेला ऐकला. "तिने दार लावून घेतलं तर?"

रविवारी ते माझ्या स्कूटरवर मागे बसून सिमरोलला निघाले. प्रज्ञा दार अडवूनच उभी राहिली. तिचा चेहरा बघून मलाच पळून जावंसं वाटलं.

"काय सुनवायला आलात, बाबा?"

"सुनवायला नाही, बेटा. विचारायला आलोय."

ती दारातून बाजूला झाली.

"आकाशजी, नोकरी सोडून हे का केलं तुम्ही?" काकांनी विचारलं. "मला खरंच समजत नाही. सांगा." आणि मग ते चक्क गप्प बसून ऐकत राहिले. मध्येच तोंड उघडायचे, प्रज्ञाकडे बघायचे आणि मिटायचे. एक बकरी त्यांच्या सदऱ्याचं टोक चघळत होती, तिकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांना असं निमूट बसलेलं बघून मला हसू येत होतं आणि भरूनही येत होतं.

परतताना मी विचारलं, "मग काका, काय मत झालं जावयाबद्दल?"

"इतक्यात कसं सांगू? त्याचं आत्ताशी अर्धंच बोलून झालंय. बाकीचं सांगायला पुढच्या रविवारी प्रज्ञा त्याला घेऊन घरी येते म्हणाली." मग माझ्या खांद्यावर थाप मारत म्हणाले, "जरा फास्ट घ्या ना, भिया. तुमच्या काकूला सांगायचंय."